मीठ, काकवी आणि एक अवघड नाव

दहावीत चांगले मार्क पडूनही आमच्या शाळेतल्या कितीतरी मुली सायन्सला जायला कचरतात. "मॅडम, तिथली नावंच कळत नाहीत," म्हणतात. अडचण खरी आहे. उर्दूत आम्ही 'कलम' शिकवतो, मराठी पुस्तकात तो 'स्फटिक' होतो आणि अकरावीत 'क्रिस्टल'. वस्तू एकच, नावं तीन.

म्हणून यंदा मी फळ्यावर मुद्दाम एक लांबलचक नाव लिहिलं: 'टेट्रासायनोबोरेट आयनिक लिक्विड'. मुली हसल्या. मी म्हटलं, हे मीठच आहे, फक्त पातळ.

आपल्या स्वयंपाकघरातल्या मिठात सोडियम आणि क्लोराइडचे आयन एकाआड एक, अगदी शिस्तीत बसलेले असतात. ती पकड सुटायला 801 अंश सेल्सिअस उष्णता लागते. पण आयन मोठे आणि बेढब असले, त्यांचा विद्युतभार पसरलेला असला, तर रांग नीट लागत नाही. आपल्या गुऱ्हाळावरची काकवी आठवा. तिच्यातले ग्लुकोज आणि फ्रुक्टोज मध्ये येतात, साखरेचे कण सहज जमू शकत नाहीत, म्हणून ती पातळ राहते. काकवी मीठ नव्हे, पण रांग मोडण्याची गोष्ट तीच.

साधारण 12 अंशांनाच वितळणारं असं मीठ पॉल वाल्डेन यांनी 1914 मध्ये नोंदवलं. टेट्रासायनोबोरेटचे क्षार जर्मनीतल्या रसायनशास्त्रज्ञांनी 2000 मध्ये प्रसिद्ध केले. मध्ये बोरॉन, त्याला कार्बन-नायट्रोजनचे चार हात, आणि एकच ऋणभार चौघांत वाटलेला. पोटॅशियम सायनाइड आणि बोरॉन-फ्लोरिनचा क्षार लिथियम क्लोराइडबरोबर तापवून त्याचा पोटॅशियम क्षार मिळतो. मग पोटॅशियम काढून तिथं मोठा सेंद्रिय आयन आणला की पातळ मीठ तयार. सायनाइड जहाल विष आहे, त्यामुळे हे काम फक्त प्रयोगशाळेतलं. हे द्रव वीज वाहून नेतात आणि सहजी उडून जात नाहीत, म्हणून सौरघटांतही वापरून पाहिले गेले.

मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, पातळच आहे तर त्याची कलम कशी बघतात?"

फार चांगला प्रश्न! थंड करून गोठवतात, हळूहळू एक छोटी कलम वाढवतात आणि तिच्यावर क्ष-किरण सोडतात. किरण ठरावीक दिशांना विखुरतात. त्या ठिपक्यांवरून कोणता अणू कुठं बसलाय आणि पकड कुठं सैल आहे, हे गणितानं काढता येतं.

असल्या द्रवांवर आपल्या शिवाजी विद्यापीठातही संशोधन झालं आहे. घरून बसनं जाता येईल इतक्या अंतरावर.

प्रश्न विचारणाऱ्या मुलीचं अकरावीचं अजून ठरलेलं नाही. फॉर्म भरायच्या आधी मी तिच्या अम्मी-अब्बांना भेटायला जाणार आहे. तिचे मार्क त्यांना माहीत आहेत. तिचा प्रश्न मात्र मला सांगायचा आहे.