उंबरठा आणि तंबू

स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला वळसा घालून पुन्हा इन्व्हर्नेसला परतणाऱ्या सुमारे ८३० किलोमीटरांच्या मार्गाला २०१५ मध्ये ‘नॉर्थ कोस्ट ५००’ हे नाव मिळाले. मोटारीत तंबू टाकून निघालेला प्रवासी या वाटेवर प्रथम हरखतो तो निर्जनतेने. बराचसा रस्ता एकपदरी. समोरून वाहन आले की कडेच्या रुंद जागेत थांबावे आणि ओळख नसतानाही हात उंचावावा, ही इथली रीत. पश्चिमेस बेलाख ना बा ही ६२६ मीटर उंचीची खिंड. उत्तरेस कडे, वाळू आणि अटलांटिकचा वारा. जूनमध्ये पुरता काळोख असा होतच नाही. तंबूच्या कापडावर फिकट उजेड रेंगाळत राहतो. माणसाचा स्पर्श न झालेली ही भूमी, असे प्रवासी आपल्या वहीत लिहितो.

ते वाक्य खोडण्याची वेळ बेटीहिलला येते. नेव्हर नदी समुद्राला मिळते तेथले हे गाव. या नदीचे खोरे १८१४ आणि १८१९ मध्ये सदरलंड जहागिरीने मेंढ्यांच्या कुरणांसाठी रिकामे करविले. घरांची छपरे जाळली गेली. पिढ्यान्‌पिढ्या गुरे राखणाऱ्या कुळांना किनाऱ्यावरील तुटपुंज्या जमिनीवर आणून बसविण्यात आले. पूर्वेच्या बॅडबे येथील कड्यावर वारा असा, की गुरांप्रमाणे मुलांनाही दाव्याने बांधून ठेवीत, असे सांगतात. तेथला अखेरचा रहिवासी १९११ मध्ये निघून गेला.

किनारा सोडून बरेच आत क्रोइकचे चर्च आहे. १८४५ मध्ये ग्लेनकॅल्व्हीहून हुसकावलेली कुटुंबे त्याच्या आवारात, थडग्यांमध्ये, कांबळी व ताडपत्र्या ताणून राहिली. खिडकीच्या काचांवर त्यांनी कोरलेली अक्षरे अजून वाचता येतात.

तंबू तोच, परंतु एकाच्या मागे घर उभे असते, दुसऱ्याच्या मागे राख. २००३ च्या कायद्याने आज येथे पायी हिंडणाऱ्याला परक्याच्या माळावरही तंबू ठोकण्याचा हक्क आहे. मागे खूण ठेवू नये, एवढीच अपेक्षा. नेव्हरच्या खोऱ्यात रोसल गावाचे चौथरे मात्र गवतातून अजून डोके वर काढतात. प्रवासी तेथे खुंट्या न ठोकता क्षणभर उभा राहतो. पायाखाली कुणाचा तरी उंबरठा असतो.