डाळिंबाचा झाला कांदा!

मैत्रिणींनो, लोणच्याची बरणी पुसताना 'चिनी माती' या शब्दाकडे तुमचं कधी लक्ष गेलंय? माझं तर नव्हतं. गेल्या उन्हाळ्यात धाकट्या दिरांकडे जर्मनीला गेले, तेव्हा ड्रेस्डेनजवळच्या माइसेन गावी तो शब्द खरा कळला.

एल्ब नदीच्या काठी, उंचावर आल्ब्रेख्ट्सबुर्ग किल्ला आहे. युरोपातला अस्सल पोर्सेलिनचा पहिला कारखाना १७१० साली इथेच निघाला. त्याआधी अशी भांडी चीन-जपानहून जहाजाने यायची. सॅक्सनीचा अधिपती ऑगस्टस त्यांच्यापायी अगदी वेडा! स्वतःचा कारखाना निघून सात वर्षं झाली, तरी १७१७ मध्ये त्याने प्रशियाच्या राजाला आपले ६०० घोडेस्वार दिले आणि बदल्यात १५१ चिनी नग घेतले. त्यातले उंच, निळ्या नक्षीचे रांजण ड्रेस्डेनच्या त्स्विंगर राजवाड्यात पाहिले. सुंदर आहेत, खोटं कशाला सांगू? पण त्या सहाशेंच्या बायकांना कुणी विचारलं असेल का हो? माझं मन काही नक्षीत रमेना.

आणि हे पोर्सेलिन करणारा बोटगर तरी कुठे सुखी होता? सोनं करून दाखवतो म्हणाला, म्हणून ऑगस्टसने त्याला कोंडून ठेवलं. सोनं काही झालं नाही. मग चिर्नहाउस या शास्त्रज्ञाच्या हाताखाली माती भाजण्याचे प्रयोग चालले. आधी लाल भांडी जमली आणि १७०८ मध्ये पांढरंशुभ्र पोर्सेलिन साधलं. गुपित होतं केओलिन नावाच्या पांढऱ्या मातीत आणि भट्टीच्या भयंकर आचेत. आपल्याकडच्या कुंभाराच्या भट्टीची आच तिच्यापुढे काहीच नाही! बोटगर १७१४ मध्ये सुटला खरा, पण १७१९ मध्ये वारला. वय अवघं सदतीस.

नक्षीची गंमत मात्र सांगायलाच हवी. १७४० च्या सुमारास इथल्या चितारींनी चिनी ताटांवरून डाळिंबं, पीच आणि बांबू उतरवले. नक्षीतली ही फळं इकडच्या लोकांना ओळखू आली नाहीत. त्यांना ते कांदेच वाटले. तेव्हापासून नाव पडलं 'कांदा नक्षी', आणि कितीतरी कारखान्यांनी तिची नक्कल केली. अस्सल माइसेनच्या मालावर दोन निळ्या तलवारी असतात, बरं का.

दुकानातल्या किमती पाहून मी कपाला हातसुद्धा लावला नाही. घरी आलो तर जाऊबाईंनी तसल्याच एका नकली बशीत पोहे पुढे केले.

"कांदा कमी पडलाय गं," ती म्हणाली.

मी बशीकडे बोट दाखवलं.