वरचा पाऊस

पावसाळ्यात जळगावच्या वर्तमानपत्रांत एक लहानशी चौकट येते. हतनूर धरणाच्या पाणलोट क्षेत्रात आदल्या दिवशी कुठे किती मिलिमीटर पाऊस झाला, एवढंच तिच्यात असतं. बऱ्हाणपूर, देडतलाई, टेक्सा, एरडी, गोपालखेडा, चिखलदरा, लखपुरी, लोहारा, अकोला. खाली धरणाच्या ४१ दरवाजांपैकी किती उघडले ते. रावेर तालुक्यात तापीकाठी ज्यांची केळी आहे, ते लोक पहिल्या पानाआधी ही चौकट वाचतात. माझे मामा त्यांतलेच. चष्मा कपाळावर सारून, कागद डोळ्यांजवळ धरून ते ही नावं मोठ्यानं वाचायचे आणि मग ठरवायचे, की नदीतली मोटर आज वर ओढून घ्यायची की राहू द्यायची. देडतलाईचं पाणी तापीनं येणार, अकोल्याकडचं पूर्णेनं, आणि चांगदेवला दोन्ही नद्या भेटल्या की हतनूरचा फुगवटा मागे मागे सरकत शेतापर्यंत येणार, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं होतं. शेतावर लख्ख ऊन असायचं. तरी मामा म्हणायचे, "वर पडलाय रे." त्या घरात पाऊस दोन प्रकारचा होता. एक इथला आणि एक वरचा. काळजी असायची ती वरच्याची.

मला हा वरचा पाऊस पहिल्यांदा दिसला तो मात्र धूलकोटला. वडील तिथे शिक्षक होते. तेव्हा बऱ्हाणपूर हा वेगळा जिल्हा नव्हता, सगळा कारभार खंडव्याहून चालायचा. जिल्हा झाला तो १५ ऑगस्ट २००३ ला. धूलकोट म्हणजे सातपुड्याच्या अंगावरचं गाव. आजूबाजूला साग, सालई, मोह, आणि डोंगरांत विखुरलेल्या बारेला-भिलालांच्या वस्त्या, ज्यांना तिकडे फाल्या म्हणतात. बाजाराच्या दिवशी या फाल्यांतून माणसं उतरायची आणि दुपार कलली की परत चढायला लागायची. वाटेत नाले. नाल्यांवर रपटे. रपटा म्हणजे नाल्याच्या तळाला जवळजवळ चिकटलेला सिमेंटचा बुटका रस्ता; पूर आला की पाणी त्याच्यावरून जातं, ओसरलं की माणसं जातात. उन्हाळ्यात त्या नाल्यांत दगडांशिवाय काही नसायचं.

एका संध्याकाळी बाजाराहून परतणाऱ्या लोकांबरोबर आम्हीही अशाच एका रपट्याशी आलो होतो. आभाळ मोकळं होतं. शेळ्या हाकणारा एक माणूस रपट्याच्या तोंडाशी थांबला आणि त्यानं हात आडवा केला. मागचे सगळे थांबले. कुणी का म्हणून विचारलं नाही. मला काहीच ऐकू येत नव्हतं. मग आलं. आधी वाळलेली पानं, काड्या आणि पिवळट फेस यांची एक कमरेएवढी पुढे लोटत येणारी रांग दिसली, तिच्यामागे पाणी. रपटा बघता बघता दिसेनासा झाला. सातपुड्याच्या कुठल्या तरी माथ्यावर तास-दोन तासांपूर्वी पडलेला पाऊस आमच्यासमोरून चालला होता. पलीकडे घर असलेल्या बाया खाली बसल्या, त्यांनी पोरांना पाजायला घेतलं. पुरुषांनी विड्या पेटवल्या. कुणाच्याही चेहऱ्यावर चडफड नव्हती. पाणी उतरेपर्यंत बसणं हा त्यांच्या लेखी बाजाराचाच एक भाग होता.

पुढे शिक्षण, नोकरी बऱ्हाणपुरात. राजघाटावर संध्याकाळी बसायचं, पलीकडे जैनाबाद. १६३१ साली मुमताज बऱ्हाणपुरात वारली तेव्हा तिला आधी तिकडेच, आहूखान्यात पुरलं होतं, ताजमहाल नंतरचा. घाटाच्या पायऱ्यांवरून तापी खाली कुठे जाते ते दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते पाहावंसं वाटतं. आमच्यातल्या एकानं भोपाळच्या मोठ्या तलावावर पोरांना कॅनो चालवताना पाहिलं होतं. त्यानं खटपट करून एक जुनी फायबरची कॅनो मिळवली. ठरलं असं, की ऑक्टोबरात, नदीला पाणी असतं पण पूर सरलेला असतो अशा दिवसांत, राजघाटावरून निघायचं आणि वाळूवर मुक्काम करत तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवच्या देवळापाशी उतरायचं.

तापीचं ते पाणी कितीही वेळा आठवलं तरी पुरत नाही. ऑक्टोबरात ती हिरवट, नितळ असते. उथळ जागी तळाचे गोटे मोजता येतात आणि पाण्याचा खळखळाट आधी कानांना, मग वल्ह्याला कळतो. डोह आला की सगळं गप्प होतं. दोन्ही काठांना काळ्या मातीच्या उंच दरडी, त्यांच्यावर केळीची पानं, मध्येच बगळ्यांची ओळ, मध्येच पाणी उपसणाऱ्या मोटरींचे पाइप. रस्त्यावरून आयुष्यभर पाहिलेला मुलूख नदीतून पाहिला की तो अनोळखी होतो. गावांच्या पाठी दिसतात, तोंडं नाही. त्या प्रवासात मी जेवढा सुखी होतो तेवढा फार क्वचित झालो आहे. म्हणून पुढचं सांगणं आवश्यक वाटतं. आम्ही कंटाळून परत फिरलो नव्हतो.

मामांची एक सवय मी उचलली होती. मुक्कामाला थांबलं की पाण्याच्या कडेला एक काडी रोवायची. एका सकाळी काडी पाण्यात उभी होती. फरक चार बोटांचा. पण पाण्याचा रंग बदलला होता. हिरवं जाऊन मातकट आलं होतं आणि कडेला फेसाचे लहान लहान गोळे अडकून बसले होते. पूर्वेला, गाविलगडाच्या अंगाला, आभाळ काळवंडलेलं. दुपारपर्यंत तिकडे विजा चमकायला लागल्या. परतीच्या पावसाच्या विजा वाईट. सपाट पाण्यावर सगळ्यांत उंच वस्तू म्हणजे होडीत बसलेला माणूस. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजायचे, दर तीन सेकंदांना एक किलोमीटर. तिसाच्या आत आकडा आला की पाण्यात राहायचं नाही, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत उतरायचं नाही, एवढा हिशोब आम्हाला ठाऊक होता. आकडा कमी कमी होत चालला होता. तेवढ्यात देडतलाईला राहणाऱ्या एका नातलगाचा फोन लागला. तो एवढंच म्हणाला, "इथं रात्रीपासून थांबलेला नाही. तुम्ही नदीत आहात का अजून?"

कॅनो ज्यानं मिळवली होती तो मित्र थांबायला तयार नव्हता. त्याची रजा संपत आली होती, पुन्हा अशी जुळवाजुळव होणार नाही हे त्याला दिसत होतं, आणि चांगदेव आता काही फार लांब नव्हतं. त्याच्या म्हणण्यात खोटं काहीच नव्हतं. आम्ही तरीही काठ धरला. दरडीवरून एक शेतकरी आमच्याकडे बघत होता. त्यानं खाली उतरून होडीचं टोक धरलं, ट्रॅक्टरची ट्रॉली आणली, आणि केळी भरण्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्हाला जागा दिली. त्याच्या आईनं भाकरी आणि वांग्याची भाजी पाठवली. रात्री वादळ झालं. सकाळी त्याच्या बागेतली कितीतरी केळी आडवी झाली होती, आणि तो घडांची मोजदाद करत हिंडत होता. नदी चढली होती. पण खूप नाही.

ही गोष्ट तिथून पुढे माझ्याबरोबर राहिली. पाणी फार चढलं नाही, त्यामुळे मित्राला वाटत राहिलं की आपण पोहोचलो असतो. कदाचित पोहोचलोही असतो. वेळेवर मागे फिरलेल्या माणसाला आपलं बरोबर होतं याचा पुरावा कधीच मिळत नाही. त्याच्या हाती उरतो तो एक अर्धा प्रवास आणि घरी बसून ऐकायचं, "काहीच तर झालं नाही." मित्रानं ते मला पुष्कळदा ऐकवलं. मी वाद घातला नाही, कारण वाद घालायला माझ्याकडे काही नव्हतं.

पुरावा असतो तो दुसऱ्या बाजूला, मागे न फिरलेल्यांकडे. उत्तर कॅनडात, झाडं संपून उघडं माळरान लागतं तिथून डुबॉन्ट नदी जाते. १९५५ साली आर्थर मॉफट हा अनुभवी माणूस पाच तरुणांना घेऊन तीन कॅनोंतून तिच्यावर निघाला. रमतगमत, मुक्काम लांबवत ते गेले. हंगाम उलटला, शिधा आटत आला, बर्फाचे दिवस आले. मग घाई सुरू झाली. १४ सप्टेंबरला एक खळाळ काठावरून आधी न पाहताच त्यांनी उतरायला घेतला. होड्या उलटल्या आणि गार पाण्यानं गारठून मॉफट मेला. बाकीचे पाच वाचले. त्यांतल्या जॉर्ज ग्रिनेलनं चार दशकांनी त्यावर पुस्तक लिहिलं. ते सगळं कळलं तेव्हा मला खळाळापेक्षा त्याआधीचे आठवडे जास्त भीतीदायक वाटले. त्या आठवड्यांत एकही दिवस असा नव्हता की ज्या दिवशी थांबलंच पाहिजे असं ठळक दिसावं. रोज थोडा उशीर, रोज थोडं कमी अन्न.

नर्मदेच्या परिक्रमावाल्यांनी यावर फार शहाणा तोडगा काढला आहे. आषाढी एकादशी आली की परिक्रमावासी जिथे असेल तिथे थांबतो, ते थेट कार्तिकी एकादशीपर्यंत. चातुर्मासात चालायचं नाही. परंपरेनं परिक्रमा तीन वर्षं तीन महिने तेरा दिवसांची मानली जाते आणि त्या काळात हे थांबणं आधीच धरलेलं आहे. एखाद्या वर्षी आषाढात पाऊस उशिरा आला तरी कुणी म्हणत नाही, की नदी तर अजून खाली आहे, चला आणखी दोन मुक्काम गाठू. निर्णय त्या त्या दिवसाच्या हुरुपावर, थकव्यावर किंवा रजेवर सोडलेलाच नाही. थांबलेल्या माणसाला कुणी पुरावा मागत नाही, उलट गाव त्याला सदावर्त देतं. आमच्या शेडमधल्या त्या रात्री आम्हाला जे मिळालं ते याच जुन्या रिवाजाचं काहीतरी होतं असं मला वाटतं.

पण पंचांग वरच्या पावसाला पुरत असलं तरी वरच्या धरणाला पुरत नाही. ७ एप्रिल २००५ ला देवास जिल्ह्यात धाराजीला भूतडी अमावस्येची यात्रा भरली होती. चैत्राच्या तोंडाशी नर्मदा उथळ असते, लोक पात्रातल्या खडकांवर मुक्काम करून होते. आभाळात काही नव्हतं. वर इंदिरा सागर धरणातून सोडलेलं पाणी आलं आणि साठाहून अधिक माणसं वाहून गेली. पिढ्यान्‌पिढ्या नदी वाचत आलेली माणसं होती ती. नदीनं त्यांना वाचायला काही दिलंच नाही, आणि ज्यांना वरचं माहीत होतं त्यांच्याकडून खाली कळलं नाही. ती बातमी ऐकली तेव्हापासून मला मागे फिरण्याबद्दल बोलताना फक्त माणसाच्या शहाणपणाबद्दल बोलता येत नाही. मागे फिरायला वरची बातमी वेळेवर पोहोचावी लागते, होडी लावायला काठ लागतो, आणि काठावर कुणाचं तरी छप्पर लागतं. आम्हाला तिन्ही मिळाली होती.

आता बातमीची सोय पूर्वीपेक्षा बरी आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' अ‍ॅप आसपासच्या वीस ते चाळीस किलोमीटरांतल्या विजेचा इशारा फोनवर देतं. देशात दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं वीज पडून मरतात आणि मध्य प्रदेशाचा त्यांत मोठा वाटा असतो. त्यांतले बहुतेक शेतात काम करणारे. पण आभाळ काळं झालं म्हणून मजुरी अर्धी टाकून घरी जाणाऱ्या बाईला त्या दिवसाचे पैसे कोण देणार, हे अ‍ॅप सांगत नाही. सातपुड्यातल्या फाल्यांकडे जाणाऱ्या वाटांवर अजून रपटे आहेत. वाहत्या पाण्याची ताकद डोळ्यांना दिसते त्यापेक्षा कितीतरी जास्त असते. पंधरा सेंटिमीटर जोरकस पाणी मोठ्या माणसाचा पाय सोडवू शकतं, तीस सेंटिमीटरांत लहान गाडी तरंगायला लागते, साठात जवळपास कुठलंही वाहन जातं. रपट्याच्या कडेला आकडे रंगवलेला एक खांब असला, तर हे कुणाला शिकवावं लागणार नाही. किती ठिकाणी तो नाही. वरच्या फाल्यातल्या कुणीतरी खालच्या शाळेत एक फोन करायचा, एवढी व्यवस्था लावायला फार पैसा लागत नाही.

वडिलांच्या शाळेला मागे एक खोली होती. तिच्यात फाटके नकाशे आणि मोडकी बाकं ठेवलेली असत. जूनमध्ये शाळा उघडली की वडील तिथे एक पोतं ज्वारी, थोडी तूरडाळ, मीठ, रॉकेलची बाटली आणि गोधड्या आणून ठेवायचे, स्वतःच्या पगारातून. नाला आला की पलीकडची पोरं त्या रात्री तिथेच राहायची आणि आई सगळ्यांना पिठलं-भाकरी करायची. सकाळी पोरांचे बाप पलीकडच्या काठावर उभे असायचे. त्यांना रात्री इकडे यायची गरज वाटलेली नसायची, कारण पोरं कुठे आहेत ते त्यांना ठाऊक असायचं. अशी खोली आज त्या भागातल्या प्रत्येक शाळेत असली पाहिजे, आणि तिच्यातल्या ज्वारीचा खर्च कुठल्या मास्तरच्या पगारातून होता कामा नये.