पेरलेले आणि आपसूक उगवलेले

अकोले तालुक्यातल्या डोंगरउतारावरचे शेत दोन तऱ्हांच्या वनस्पतींनी भरते. एक पेरलेल्या, दुसऱ्या आपसूक उगवलेल्या. अहिल्यानगर जिल्ह्याच्या या पश्चिम टोकाला कळसूबाईचे १६४६ मीटर उंचीचे शिखर आहे आणि घाटघर-रतनवाडीकडे वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो. पूर्वेला कर्जत-जामखेडात तोच ५००-६०० मिलिमीटरवर येतो आणि शिवार ज्वारीचे होते. अकोल्याच्या खाचरात भात असतो, उतारावर नागली आणि वरई, आणि मुरमाड माळाला खुरासणी. पाऊस ओसरू लागला की खुरासणी फुलते आणि डोंगरच्या डोंगर पिवळे होतात.

नागली आणि खुरासणी ही खास डोंगराची पिके वाटतात, पण दोन्हींचे मूळ पूर्व आफ्रिकेच्या उंच पठारांवर आहे. मिरची तर अमेरिकेतून आली. वरई मात्र इथलीच. बांधावरची करवंदाची जाळी, करटुल्याचा वेल, भारंगीचे झुडूप हीसुद्धा इथल्याच मातीची. म्हणजे जिला नांगरून, राब भाजून, रोप लावून जपायचे ती बरीचशी पाहुणे मंडळी, आणि ज्यांच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही ते खरे घरचे.

या घरच्यांचा हंगाम पहिल्या पावसाबरोबर सुरू होतो. फोडशीची हिरवी पाती माळावर वर येतात, पाठोपाठ कुर्डूचे कोवळे शेंडे आणि चाईचा वेल. प्रत्येक भाजीची रीत वेगळी. भारंगीचा पाला कडू, म्हणून उकडून, पिळून घ्यायचा. रानातला तेरा घशाला खाजतो, म्हणून त्यात चिंच किंवा आमसूल हवेच. कडूकंद राखेच्या पाण्यात उकळून, पाणी बदलत राहिल्याशिवाय तोंडात घालता येत नाही. ही विद्या कुठल्या शाळेत शिकवली जात नाही. खुडणाऱ्या बायकांच्या हाती ती आहे, आणि तिची किंमत धान्याच्या वाणाइतकीच आहे.

करटुल्याची गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी. त्याचा कंद उन्हाळाभर जमिनीत निजून असतो आणि पावसाने फुटतो. नर आणि मादी वेल वेगवेगळे. नर वेलाला फुले येतात, फळ कधीच नाही. तो बिनकामाचा म्हणून उपटला, तर शेजारच्या मादी वेलालाही फळ धरत नाही.

पेरलेले आणि न पेरलेले यांची गाठ बांधावर पडते. तिथे निर्गुडी असते. तिचा पाला धान्याला कीड लागू नये म्हणून कणगीत घालतात. उंबर आणि जांभूळ पाखरांना थारा देतात आणि ती पाखरे पिकावरच्या अळ्या टिपतात. ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाचे काही खायचे नाही, हा रिवाज महाराष्ट्रभर आहे. त्या दिवशीचा देवभात म्हणजे पाणथळीत आपणहून वाढणारा रानभात. निदान वर्षातला एक दिवस तरी न पेरलेल्याला मानाचे पान मिळते.

न पेरलेले खुडून खाणे इथेच नाही. भूमध्य सागराभोवतीच्या शेतांत ऋतू उलटा. पाऊस हिवाळ्यात, उन्हाळा कोरडा. क्रीट बेटावरची माणसे ऑलिव्हच्या बागांतून रानभाज्या खुडतात त्या हिवाळ्या-वसंतात. तरी घोळ दोन्हीकडची. अहिल्यानगरच्या मळ्यात जी पायाखाली येते, तीच घोळ तिकडे कोशिंबिरीत पडते.

आपसूक उगवले म्हणून सगळेच घरचे नसते. शोभेसाठी आणलेली घाणेरी आणि १९५० च्या दशकात पुण्याजवळ आढळलेले गाजरगवत हे अमेरिकेकडचे. ते पसरले की कुर्डू-टाकळ्याला जागा उरत नाही. टारफुला हे तण तर ज्वारीच्या मुळांवर जगते. तण ओळखून काढायला डोळा लागतो. तणनाशकाला तो डोळा नसतो; गाजरगवताबरोबर ते कुर्डूही जाळते आणि भारंगीही.

पेरलेल्या वाणांचे जतन या तालुक्यात नीट होऊ लागले आहे. कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी भात, नागली, वाल-घेवड्याचे गावरान वाण सांभाळले, बाएफ या संस्थेच्या साथीने बियाणे बँक उभी केली, आणि २०२० ची पद्मश्री त्यांना जाहीर झाली. काळ्या तुसाचा, वासाचा काळभात आज पुन्हा लावला जातो, तो अशा बायकांमुळे. फोडशीचे, चाईचे बी मात्र कोणी गाडग्यात भरून ठेवत नाही. त्यांचे कंद बांधात आणि रानाच्या कडेलाच पडून असतात. म्हणून बांध कोरू नये, त्यावर तणनाशक मारू नये, आणि करटुल्याचा नर वेल उपटू नये.