एफवायचं गणित

२६ जून

भाचीचा प्रवेश झाला. बी.एस्सी., मेजर गणित. भावोजी धाटावच्या एमआयडीसीत, त्यांचा एकच प्रश्न, “गणित घेऊन पुढे काय?” बी.एड. आहे, जॅम परीक्षा देऊन आयआयटीत एम.एस्सी. आहे, विमा कंपन्यांत अ‍ॅक्च्युअरी लागतात, असं सांगितलं. नव्या धोरणात तीन वर्षांची पदवी किमान १२० क्रेडिटची, चौथं वर्ष केलं तर १६०, हेही. त्यांचं समाधान झालं.

माझी काळजी वेगळी आहे. बारावीला चांगले मार्क पडलेली मुलंसुद्धा एफवायला गांगरतात. तोवर गणित म्हणजे उत्तर काढणं. इथे एकदम सिद्ध करणं सुरू होतं. पुष्कळांचं गणित पहिल्या सेमिस्टरलाच तुटतं, आणि ते हुशारी कमी पडली म्हणून नव्हे. त्या दिवसांत कुणीतरी शेजारी वही घेऊन बसायला हवं, एवढंच. कॉलेज सुटल्यावर परतीच्या गाडीपर्यंत ती माझ्याकडे येणार.

१५ जुलै

निडी, नागोठणे, कासू ही वाटेतली स्टेशनं. सकाळची गाडी पावसात रखडली, तरी पोरीने लेक्चर चुकवलं नाही.

विषय सिक्वेन्सची लिमिट. एक, अर्धा, एक तृतीयांश, एक चतुर्थांश... ही रांग शून्याकडे जाते. “मामा, दिसतंय ना ते! सिद्ध काय करायचं त्यात?” मी म्हटलं, मी हटून बसलोय असं समज. मी एक चिमुकली धन संख्या सांगणार, एप्सिलॉन. कितव्या पदापासून पुढची सगळी पदं तिच्याहून लहान, ते तू सांगायचं. मी म्हटलं एक हजारांश; ती म्हणाली हजार एकाव्यापासून. मी एक लक्षांश म्हटल्यावर तिने पेन खाली ठेवलं. “तू काहीही सांग. एक भागिले एप्सिलॉन करायचं आणि त्याहून मोठा पूर्णांक घ्यायचा.” झाली की सिद्धता! असा पूर्णांक नेहमी मिळतोच, याला आर्किमिडीजचा गुणधर्म म्हणतात, ते नंतर सांगितलं.

१६ जुलै

काल घरी लिहून आणलेल्या व्याख्येत क्रम उलटा: आधी पद ठरवलं, मग ‘प्रत्येक एप्सिलॉनसाठी’. खोडलं नाही. तिचंच हजार एकावं पद धरून ठेवलं आणि एक लक्षांश मागितला. दोन हजारावं पदसुद्धा लक्षांशाहून मोठंच! बराच वेळ वहीकडे बघत होती, मग स्वतःच दोन्ही वाक्यांशांची अदलाबदल केली. ‘प्रत्येक’ आधी की ‘असा एक तरी’ आधी, यावर पुढची तीन वर्षं उभी आहेत. टीवायच्या मेट्रिक स्पेसेसपर्यंत हेच लागतं.

२४ जुलै

कुंडलिका नदी भरून वाहते आहे. भाची आली नाही.

आपल्या मुलखाला गणित परकं नाही. लोकमान्यांना डेक्कन कॉलेजात गणित शिकवणारे केरूनाना छत्रे अलिबागजवळच्या नागावचे. विनोबा आपल्याच पेण तालुक्यातल्या गागोद्याचे. १९१६ साली इंटरच्या परीक्षेला मुंबईस निघाले ते सुरतेला उतरून काशीला गेले. कॉलेज सुटलं, गणिताचं प्रेम सुटलं नाही. पेणच्या मुलांना हे शाळेतच सांगायला हवं. गणित पुण्या-मुंबईच्या मुलांचं, असं आमची पोरं धरून चालतात आणि मागच्या बाकावर बसतात, याचं मला फार वाईट वाटतं.

३० जुलै

आज अल्जिब्रा. अंकांच्या बेरजेला नवाने भाग गेला तर संख्येलाही जातो, हे पाचवी-सहावीपासून पाठ. का जातो? दहाला नवाने भागलं की बाकी एक. शंभराला एक, हजाराला एक; दहाच्या कोणत्याही घाताला एकच. म्हणजे ५८३ मधल्या पाच शेकड्यांची बाकी पाचाइतकी, आठ दशकांची आठाइतकी. बाकीपुरती संख्या अंकांच्या बेरजेएवढीच उरते. “मग अकराला?” तिनेच विचारलं, तिनेच सोडवलं: दहाची बाकी उणे एक, म्हणून चिन्हं आलटूनपालटून. मी चहा टाकायला उठलो होतो, तो तसाच परत येऊन बसलो.

२ ऑगस्ट

एस. पी. कॉलेज आणि होमी भाभा केंद्र पदवीच्या मुलांसाठी माधव गणित स्पर्धा घेतात, तिचे जुने पेपर मिळवले. तिच्या वर्गातल्या आणखी दोघी यायचं म्हणताहेत. उद्या एक, उणे एक, एक, उणे एक हा सिक्वेन्स घेणार. त्याला लिमिट नाही हे दाखवण्याआधी व्याख्येचा नकार तिघींकडून वेगवेगळा लिहून घ्यायचा.