बेशरमाच्या झुडपातला पाहुणा

हिवाळ्यात मराठवाड्यातल्या देवगाव फाट्याच्या परिसरात, नाल्याकाठच्या बाभळीतून किंवा बेशरमाच्या झुडपातून ‘चक् चक्’ असा तुटक आवाज येतो. पक्षी क्षणभरच दिसतो. चिमणीहून सडपातळ, पाठ मातकट, पोट फिकट, डोळ्यांत भरावी अशी एकही खूण नाही. वहीत ‘बोरू वटवट्या’ एवढं लिहून पक्षिनिरीक्षक सेलूजवळच्या निम्न दुधना जलाशयाकडे वळतात. बदकांपुढे या मातकट पाहुण्याला कोण विचारतो?

त्याच्याच एका भाईबंदाने मात्र जगाला जवळजवळ 140 वर्षं चकवलं.

1885 साली मुंबईत भरलेल्या राष्ट्रीय सभेमुळे ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे नाव शाळेतच कानावर पडतं. त्याआधी हे गोरे अधिकारी पक्ष्यांच्या नादाने झपाटलेले होते. 13 नोव्हेंबर 1867 रोजी सतलजच्या खोऱ्यात रामपूरजवळ त्यांना मोठ्या चोचीचा बोरू वटवट्या मिळाला. एकच नमुना. ही स्वतंत्र जात की नेहमीच्या जातीतला एखादा वेगळा निघालेला पक्षी, हा वाद मग रेंगाळत राहिला. 2002 मध्ये त्या जुन्या नमुन्याच्या डीएनए तपासणीने स्वतंत्र जातीच्या बाजूने कौल दिला. जिवंत पक्षी तरीही कुठेच नव्हता.

27 मार्च 2006 रोजी थायलंडमध्ये, सांडपाणी शुद्ध करणाऱ्या एका केंद्रावर, पक्षिशास्त्रज्ञ फिलिप राउंड जाळ्यात आलेल्या पक्ष्यांच्या पायांत कडी घालत होते. हातातल्या एका वटवट्याची चोच फारच लांब, पंख आखूड. त्यांनी छायाचित्रं काढली, दोन पिसं ठेवून घेतली आणि त्याला सोडून दिलं. पिसांच्या तपासणीत तो ह्यूम यांचाच पक्षी ठरला! काही महिन्यांत इंग्लंडमधल्या ट्रिंगच्या संग्रहालयात, साध्या वटवट्यांच्या खणात, भारतातून गेलेला दुसरा नमुना निघाला. 2009 मध्ये अफगाणिस्तानच्या वाखान पट्ट्यात हे पक्षी विणीच्या हंगामात आढळले.

यात सर्वाधिक बोचतो तो ट्रिंगचा खण. पक्षी समोर होता, त्याच्या पायाला चिठ्ठीही होती. नाव तेवढं दुसऱ्याचं.

मराठवाड्यात तो येतोच, असा दावा इथे नाही. पण ‘असेल नेहमीचाच’ म्हणून पुढे जाणं परवडणारं नाही. फोनवर आवाज टिपा, चोचीचं जवळून छायाचित्र घ्या, तारीख आणि जागा लिहून ठेवा. आणि या वटवट्यांसाठी तलावातला गाळ काढताना एक कोपरा पाणकणसासकट राहू द्या.