जबलपूरचा दर किती?

ऑगस्ट २०२५ मध्ये ‘जामा नेटवर्क ओपन’ या वैद्यकीय नियतकालिकात भारतातील कर्करोगाविषयीचा एक विस्तृत अभ्यास प्रसिद्ध झाला. देशातील ४३ लोकसंख्याधारित कर्करोग नोंदण्यांमध्ये २०१५ ते २०१९ या पाच वर्षांत नोंदले गेलेले सात लाखांहून अधिक रुग्ण त्यात विचारात घेतले होते. बातम्यांतून त्यातले दोन निष्कर्ष सर्वदूर पोहोचले. भारतीय व्यक्तीला आयुष्यभरात कर्करोग होण्याची शक्यता सुमारे ११ टक्के आहे. आणि एकूण रुग्णांत स्त्रियांचा वाटा ५१.१ टक्के असला, तरी मृत्यूंतील त्यांचा वाटा ४५ टक्केच आहे. दुसऱ्या निष्कर्षामागचे कारण उघड आहे. स्तन आणि गर्भाशयमुख यांचे कर्करोग तुलनेने लवकर ओळखता येतात व त्यांवर उपचारही अधिक यशस्वी होतात.

स्त्रियांच्या कर्करोगांची सगळी चर्चा या दोन अवयवांभोवती फिरते, ते स्वाभाविकच आहे. मात्र त्यामुळे एक तिसरा आजार सतत मागे राहतो. मोठे आतडे आणि गुदाशय यांचा कर्करोग जगभरातील स्त्रियांमध्ये स्तन व फुफ्फुस यांच्या खालोखाल तिसऱ्या क्रमांकावर आहे. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार त्या वर्षी सुमारे ८ लाख ५७ हजार स्त्रियांना तो नव्याने झाला. पुरुषांचा आकडा सुमारे १० लाख ६९ हजार. म्हणजे पाच पुरुषांमागे चार स्त्रिया. भारतात मात्र या रोगाचा दर पाश्चात्त्य देशांच्या कित्येक पटींनी कमी आहे, आणि देशांतर्गतही तो सर्वत्र सारखा नाही. महानगरे, केरळ आणि ईशान्येचा काही भाग येथे तो चढा, तर मराठवाड्याच्या ग्रामीण पट्ट्यात अगदी खाली आढळतो.

आता जबलपूरमधील एखाद्या विद्यार्थिनीने साधा प्रश्न विचारला, की आमच्या जिल्ह्यातील स्त्रियांमध्ये या कर्करोगाचा दर किती, तर तिला काय उत्तर मिळेल? राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाच्या २०२० च्या अहवालात २०१२ ते २०१६ या काळातील २८ लोकसंख्याधारित नोंदण्यांची आकडेवारी आहे. त्यांत महाराष्ट्रातील सात आहेत. मध्य प्रदेशातील एकच, ती भोपाळची. तीही मुळात १९८४ च्या वायुदुर्घटनेचे दूरगामी परिणाम तपासण्याच्या हेतूने सुरू झाली. जबलपूर तेथून सुमारे तीनशे किलोमीटर पूर्वेला आहे. मंडला, डिंडोरी, सिवनी, कटनी, नरसिंहपूर असे जिल्हे त्याच्या आसपास. या सगळ्या मुलखापुरते त्या अहवालात उत्तर नाही.

उत्तर नसणे आणि दर कमी असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. व्यवहारात मात्र त्यांची सरमिसळ फार सहज होते. ती का होते आणि तिची किंमत कोण मोजते, हे समजून घेण्यासाठी कर्करोगाचा दर मुळात कसा काढतात, ते पाहिले पाहिजे.

दर म्हणजे अपूर्णांक. अंशस्थानी ठरावीक काळात नव्याने निदान झालेले रुग्ण, छेदस्थानी त्या भागातील लोकसंख्या. रुग्णालयात केवळ अंश असतो. जबलपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किती रुग्ण आले हे तेथील नोंदवहीवरून सांगता येईल, पण ते किती लोकांमधून आले हे सांगता येणार नाही. म्हणून लोकसंख्याधारित नोंदणी एक भूभाग निश्चित करते आणि त्या भागात किमान एक वर्ष वास्तव्य असलेल्या प्रत्येक रुग्णाचा शोध घेते. रुग्णालये, पॅथॉलॉजी प्रयोगशाळा, मृत्युनोंदणी कार्यालये अशी सगळी ठिकाणे कर्मचारी पालथी घालतात. एकच रुग्ण तीन ठिकाणी सापडला तर तो एकदाच मोजतात. पुढे वयाचा हिशेब येतो. हा रोग प्रामुख्याने उतारवयात होतो. केरळात वृद्धांचे प्रमाण अधिक, मध्य प्रदेशात तरुणांचे. दोन्हींची तुलना न्याय्य व्हावी म्हणून प्रत्येक वयोगटाचा दर वेगळा काढून तो एका प्रमाण लोकसंख्येवर बसवतात. या वयप्रमाणित दरांतही फरक उरतोच. वरील अहवालात स्त्रियांच्या सर्व कर्करोगांचा दर उस्मानाबाद-बीड येथे लाखामागे ४९.४, तर अरुणाचल प्रदेशातील पापुमपारे येथे २१९.८ होता. एका देशात चौपटीहून अधिक अंतर.

हे अंतर खरे किती आणि निदानाच्या सोयींमुळे भासणारे किती? मोठ्या आतड्याच्या कर्करोगापुरते पाहिले, तर भारतातील कमी दराचा बराचसा भाग खरा आहे असे मानायला आधार आहे. मुंबईची नोंदणी १९६३ पासून चालू आहे, तेथे निदानाच्या सोयीही भरपूर आहेत. तरीही तेथील दर पाश्चात्त्य शहरांच्या खूप खाली राहिला. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना तेथील इतरांसारखीच आरोग्यसेवा मिळते, तरी त्यांच्यातही या रोगाचे प्रमाण कमी आढळले. दुसरीकडे, जपानमधून हवाईला गेलेल्या कुटुंबांत तो एक-दोन पिढ्यांतच वाढला. म्हणजे रक्षण करणारी गोष्ट केवळ वंशात नाही. अन्न, श्रम, वजन अशा राहणीतल्या गोष्टींत तिचा मोठा वाटा आहे. युगांडात काम केलेले शल्यविशारद डेनिस बर्किट यांनी १९७१ मध्ये आहारातील चोथ्याकडे लक्ष वेधले, ते अशाच भौगोलिक फरकांवरून. कोदो-कुटकी खाणाऱ्या, दिवसभर शेतात राबणाऱ्या डिंडोरीच्या स्त्रीला हा रोग कमी होत असेल, ही कल्पना म्हणूनच अवास्तव नाही.

पण ‘असेल’ आणि ‘आहे’ यांच्यामध्ये मोजणी उभी असते. जबलपूर परिसरात त्या मोजणीला तीन ठिकाणी गळती लागण्याचा संभव आहे.

पहिली गळती निदानाच्या आधीची. भारतात या कर्करोगांपैकी मोठा हिस्सा गुदाशयाचा असतो आणि त्याचे ठळक लक्षण म्हणजे शौचावाटे रक्त जाणे. हे लक्षण स्त्रिया घरातही सहसा बोलून दाखवत नाहीत. बोलल्याच, तर त्याला नाव तयार असते: मराठी घरांत मूळव्याध, हिंदी घरांत बवासीर. बहुतेक वेळा ते नाव बरोबरही असते, म्हणून तर ते इतके सहज चिकटते. आतड्याच्या उजव्या बाजूची गाठ याहून मूक असते, आणि त्या बाजूच्या गाठींचे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक असते. तेथे रक्त डोळ्यांना दिसत नाही. ते थोडे थोडे झिरपत राहते आणि स्त्री फिकी पडते, थकते. आता २०१९-२१ चे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगते, की १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय आहे. जेथे निम्म्याहून अधिक स्त्रिया फिकट आहेत, तेथे एकीचे फिकटपण कोणाला वेगळे वाटणार? लोहाच्या गोळ्या दिल्या जातात, हिमोग्लोबिन काही काळ वर येते आणि मूळ कारण आणखी काही महिने झाकलेले राहते. मापनशास्त्राच्या भाषेत सांगायचे, तर संकेत आहे, पण पार्श्वभूमीचा गोंगाट त्याच्याहून मोठा आहे. त्यात राष्ट्रीय कार्यक्रमाखाली तीस वर्षांवरील स्त्रियांची जी चाचणी होते, ती मुख, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांपुरती आहे. मोठे आतडे त्या यादीत नाही.

दुसरी गळती निदानानंतरची. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच राज्यात होती आणि राजधानी नागपूर होती. राज्ये वेगळी झाली, तरी रस्ता, रेल्वे आणि सोयरीक तीच राहिली. सिवनी, बालाघाट, छिंदवाड्याच्या माणसांना नागपूर जवळचे. जबलपूरच्या मराठी कुटुंबांचे तर तेथे कोणी ना कोणी असतेच. समजा, जबलपूरच्या एखाद्या बाईंचे निदान आणि शस्त्रक्रिया नागपुरात झाली. नागपूरची नोंदणी त्यांना मोजणार नाही, कारण त्या तेथील रहिवासी नाहीत. जबलपूरला मोजणारी नोंदणी २०२० च्या अहवालात नाही. उपचार घेऊनही त्या कोणत्याच दरात येत नाहीत. यात कोणाची हयगय नाही. नियम योग्यच आहे. फक्त तो दोन्ही बाजूंना नोंदणी असल्याचे गृहीत धरतो.

तिसरी गळती मृत्यूनंतरची. नोंदणी पूर्ण आहे की नाही हे तपासण्याची एक रीत म्हणजे रुग्णसंख्येची मृत्युसंख्येशी तुलना. मृत्यू प्रमाणाबाहेर अधिक दिसले, तर रुग्ण निसटत आहेत असे समजावे. त्यासाठी मृत्यूचे कारण डॉक्टरांनी प्रमाणित केलेले असावे लागते. २०२० मध्ये भारतात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी केवळ २२.५ टक्के मृत्यूंचे कारण असे प्रमाणित होते. घरी, वयस्कर, स्त्री, ‘अशक्तपणाने’ गेली, असे कारण लिहिले गेल्यावर तपासणीची ही वाटही बंद होते.

लहान आकड्यांची अडचण याशिवाय आहे. २०११ च्या जनगणनेत जबलपूर जिल्ह्यात सुमारे ११ लाख ८६ हजार स्त्रिया होत्या. केवळ हिशेबासाठी असे धरू, की या रोगाचा दर वर्षाला लाखामागे चार आहे. तर वर्षात सुमारे ४७ रुग्ण अपेक्षित ठरतील. अशा विरळ घटनांत केवळ योगायोगाने होणारा चढउतार संख्येच्या वर्गमुळाएवढा असतो, येथे सुमारे सात. एका वर्षी ४० आणि पुढच्या वर्षी ५४ रुग्ण सापडले, तरी प्रत्यक्षात काहीच बदललेले नसू शकते. डिंडोरीत स्त्रियांची संख्या सुमारे साडेतीन लाख. तेथे अपेक्षित रुग्ण १४ आणि चढउतार जवळजवळ चारचा. अशा ठिकाणी तीन-चार नोंदी निसटल्या की दर चौथ्या हिश्शाने घसरतो. म्हणून एका वर्षाच्या आकड्यावरून बोलता येत नाही. वर्षानुवर्षे धीराने मोजत राहावे लागते.

या सगळ्याचा परिणाम केवळ तक्त्यांवर होत नाही. डॉक्टर निदान करताना शक्यतांचा विचार करतात. ‘हा आजार आपल्याकडे बायकांत क्वचितच’ अशी समजूत असली, तर पंचावन्न वर्षांच्या फिकट स्त्रीला कोलोनोस्कोपीसाठी पाठवण्याची निकड वाटत नाही. पाठवले नाही, म्हणून निदान होत नाही. निदान झाले नाही, म्हणून आकडा लहान राहतो, आणि लहान आकडा मूळ समजुतीला पुरावा होतो. या वर्तुळातून बाहेर पडेपर्यंत गाठ पुढच्या टप्प्यात गेलेली असते. लवकर सापडलेल्या आतड्याच्या कर्करोगातून बरे होणाऱ्यांचे प्रमाण मोठे असते, ही गोष्ट लक्षात घेतली, की हरवलेल्या महिन्यांची किंमत कळते.

हे वर्तुळ तोडता येते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. १९८७ मध्ये बार्शी येथे देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी आणि शेजारच्या जिल्ह्यातील परांडा व भूम या तालुक्यांतील ३४६ गावे तिच्या कक्षेत होती. रुग्णालयात बसून नोंदी येण्याची वाट पाहायची, तर खेड्यांतील रुग्ण दिसलेच नसते. म्हणून कार्यकर्ते गावोगाव फिरले, धोक्याची लक्षणे सांगत राहिले, संशयित रुग्णांना तपासणीसाठी घेऊन आले. काही वर्षांत दिसले ते असे, की गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा अलीकडच्या टप्प्यात उपचारांना येऊ लागल्या. मोजण्यासाठी केलेली विचारपूस हीच आरोग्यसेवा ठरली. आज बार्शीचा दर कमी आहे असे म्हणता येते, ते शोधून कमी सापडले म्हणून. त्या कमीपणाला वजन आहे.

जबलपूरला हे अशक्य नाही. राष्ट्रीय जनजाती आरोग्य संशोधन संस्था १९८४ पासून याच शहरात आहे. शेजारच्या मंडला जिल्ह्यात २०१७ पासून १,२३३ गावांत मलेरिया निर्मूलनाचा प्रात्यक्षिक प्रकल्प राबवला गेला. त्यात तापाचा प्रत्येक रुग्ण घरोघर शोधला जात होता. जेथे ताप शोधत जंगलातल्या वस्तीपर्यंत जाता येते, तेथे रक्तस्रावाविषयीचे दोन प्रश्न विचारतही जाता येईल. नागपूर आणि जबलपूर यांच्यातील नोंदींची देवाणघेवाण तर केवळ कार्यालयीन इच्छाशक्तीची बाब आहे.

तोपर्यंत विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी असे नकाशे वाचताना रंग पाहण्याआधी त्या रंगाखाली नोंदणी आहे का, हे पाहावे. आणि घरातील एखादी स्त्री, विशेषतः रजोनिवृत्तीनंतरची, कारण न कळता फिकी पडत असेल, लोहाच्या गोळ्या थांबवताच पुन्हा थकत असेल, शौचाच्या सवयी कित्येक आठवडे बदललेल्या असतील किंवा रक्त जात असेल, तर ‘आपल्याकडे हे होत नाही’ या वाक्यावर थांबू नये. ते वाक्य जबलपूरपुरते खरे आहे की नाही, याचे उत्तर २०२० च्या अहवालात नाही.